देवाच्या जागी तू

१९५८च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या अपोलो थिएटरात एका मॅनेजरने आपल्या गायकांचा अख्खा संच कामावरून काढून टाकला. मॅनेजरचं नाव जॉर्ज ट्रेडवेल, संचाचं नाव 'द ड्रिफ्टर्स'. गायक गेले, नाव गेलं नाही, कारण नाव ट्रेडवेलच्या मालकीचं होतं. १९५३ साली क्लाइड मॅकफॅटर या गोड गळ्याच्या गायकाने हा संच उभा केला होता. पुढे त्याने आपला हिस्सा विकला आणि तो ट्रेडवेलच्या हाती आला. आता ड्रिफ्टर्स या नावाने ठरलेले कार्यक्रम पार पाडायचे तर कुणीतरी रंगमंचावर उभं राहून गाणं भाग होतं. त्याच कार्यक्रमात 'फाइव्ह क्राउन्स' नावाचा, फारसा कुणाला माहीत नसलेला संच गात होता. ट्रेडवेलने त्यांनाच उचललं आणि ड्रिफ्टर्स हे नाव त्यांच्या गळ्यात घातलं.

या नव्या ड्रिफ्टर्समध्ये बेंजामिन अर्ल नेल्सन नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. पुढे त्याने बेन ई. किंग हे नाव घेतलं, आणि त्याच नावावर एक प्रेमगीत आहे: 'स्टँड बाय मी'. तीन मिनिटांहून किंचित कमी लांबीचं हे गाणं कुठून आलं, हे सांगायचं तर स्टुडिओच्या बरंच मागे जावं लागतं.

किंगचा जन्म २८ सप्टेंबर १९३८ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या हेंडरसन गावी झाला. तो नऊ वर्षांचा असताना घरचे लोक हार्लेमला राहायला आले. दक्षिणेतल्या लाखो कृष्णवर्णीयांनी त्या दशकांत हीच वाट धरली होती. कापूस-तंबाखूचा मुलूख सोडून ते उत्तरेच्या शहरांत येत होते. येताना सामानाबरोबर त्यांनी आपलं चर्चही आणलं, म्हणजे चर्चमध्ये गायची रीत आणली. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, सूर सरळ न ठेवता त्याला आळवत न्यायचं, आणि भावना अनावर झाली की शब्द सोडून नुसता आवाज लावायचा. किंग लहानपणी चर्चमध्ये गायला. मोठा झाल्यावर रस्त्याच्या कोपऱ्यावर मित्रांबरोबर गायला. हे दोन्ही शिक्षण एकमेकांपासून वेगळं नव्हतं, आणि 'स्टँड बाय मी' समजून घ्यायचं तर ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

ड्रिफ्टर्सच्या रेकॉर्ड अटलांटिक या कंपनीकडून निघत. तुर्कस्तानच्या राजदूताचा मुलगा अहमेत एर्टेगन याने हर्ब एब्रमसन या साथीदाराबरोबर १९४७ साली ती सुरू केली होती. १९५३ साली त्यात जेरी वेक्सलर भागीदार झाला. त्याआधी वेक्सलर 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकात होता. कृष्णवर्णीयांमध्ये खपणाऱ्या रेकॉर्डची यादी तिथे 'रेस रेकॉर्ड्स' अशा मथळ्याखाली छापली जाई. १९४९ साली तो मथळा बदलून 'रिदम अँड ब्लूज' करण्यात आला, आणि हे नाव वेक्सलरचं. मथळा बदलला तरी भिंत होतीच. कृष्णवर्णीयांची यादी वेगळी आणि सगळ्यांची म्हणवली जाणारी यादी वेगळी. एका यादीतून दुसऱ्या यादीत उडी मारणं हे त्या काळातल्या प्रत्येक रिदम अँड ब्लूज गायकाचं स्वप्न होतं.

नव्या ड्रिफ्टर्सनी ती उडी पहिल्याच फटक्यात मारली. मार्च १९५९ मध्ये त्यांनी 'देअर गोज माय बेबी' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. मुख्य आवाज किंगचा, आणि गीतकारांतही त्याचं नाव होतं. जेरी लीबर आणि माइक स्टोलर हे निर्माते. दोघेही १९३३ साली जन्मलेले ज्यू तरुण. १९५० साली लॉस एंजेलिसमध्ये भेटले आणि विशीच्या आतच 'हाउंड डॉग' लिहून मोकळे झाले. गोरे असूनही ते मनाने कृष्णवर्णीयांच्या संगीतातच राहत. 'देअर गोज माय बेबी'ला त्यांनी व्हायोलिनं आणि टिंपनी जोडली आणि खाली ब्राझीलच्या बायाओ या लोकतालाची लय ठेवली. वेक्सलरला हे मिश्रण मुळीच आवडलं नाही. पण रेकॉर्ड बाहेर आली आणि सर्वसाधारण यादीत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसली.

यश ड्रिफ्टर्सचं होतं, पैसा मात्र ट्रेडवेलचा. गायकांना आठवड्याचा ठरावीक पगार मिळे; रेकॉर्ड लाखांनी खपली तरी त्यात फरक पडत नसे. किंगने पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही, आणि तो बाहेर पडला. जाण्याआधी त्याने ड्रिफ्टर्ससाठी 'सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी' गायलं. पोलिओमुळे कुबड्यांवर चालणाऱ्या डॉक पोमस या गीतकाराने स्वतःच्या लग्नातली आठवण मनात धरून ते लिहिलं होतं. ऑक्टोबर १९६० मध्ये हे गाणं देशात पहिल्या क्रमांकावर पोचलं, आणि त्याच महिन्यात त्याचा गायक एकट्याच्या नावाने रेकॉर्ड करायला स्टुडिओत गेला. त्याच्याजवळ एक अर्धंमुर्धं गाणं होतं. ड्रिफ्टर्सना ते त्याने देऊ केलं होतं, पण त्यांच्याकडून नकार आला होता.

ते गाणं त्याला कुठे सुचलं, याविषयी किंगने कधी लपवाछपवी केली नाही. ते चर्चमधून आलं होतं.

चार्ल्स आल्बर्ट टिंडली या माणसाविषयी आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे जरा थांबतो. १८५१ साली मेरीलँड राज्यातल्या बर्लिन गावी त्याचा जन्म झाला. बाप गुलाम, आई स्वतंत्र. मूल आईचं मानलं जाई, त्यामुळे टिंडली कायद्याने स्वतंत्र होता, पण शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. वाचायला तो स्वतःच शिकला. मोठेपणी फिलाडेल्फिया शहरात येऊन एका मेथडिस्ट चर्चची झाडलोट आणि देखभाल करू लागला. काम करता करता त्याने टपालाने धडे मागवून ग्रीक भाषेचा अभ्यास केला, हिब्रू शिकला, धर्मोपदेशकाची परीक्षा दिली. वेगवेगळ्या गावांत सेवा करून १९०२ साली तो त्याच चर्चचा प्रमुख पाद्री होऊन परतला. ज्या फरशा त्याने पुसल्या होत्या, त्यांच्यावरच उभा राहून तो उपदेश करू लागला. त्याच्या हयातीत तिथली मंडळी हजारोंवर गेली आणि नवी प्रचंड वास्तू बांधावी लागली. ती आजही टिंडली टेंपल म्हणून ओळखली जाते.

टिंडली उपदेश करता करता गाणी रचत असे. त्याच्या गीतांचं वैशिष्ट्य असं की त्यांत स्वर्गातल्या सुखाबरोबर पृथ्वीवरचा त्रास स्पष्टपणे येतो: भाडं, भूक, अपमान, एकटेपणा. पुढे 'गॉस्पेल' नावाने जी संगीतपरंपरा बहरली, तिचा टिंडली हा आद्य रचनाकार. थॉमस डॉर्सी या पुढच्या पिढीतल्या मोठ्या रचनाकारानेही त्याचं ऋण मानलं. १९०५ साली टिंडलीने 'स्टँड बाय मी' नावाचं भक्तिगीत प्रसिद्ध केलं. त्याची बांधणी साधी आहे. प्रत्येक कडव्यात माणसावर येणारी एकेक वेळ: वादळ, संकट, आपल्याच चुका आणि अपयश, लोकांनी केलेला छळ, आणि शेवटी म्हातारपण. प्रत्येक वेळी मागणं एकच, प्रभू, माझ्याजवळ उभा राहा. तो संकट दूर कर म्हणत नाही, वादळ थांबव म्हणत नाही. हे मला या गीताचं फार मोठं मर्म वाटतं. गुलामाच्या मुलाला ठाऊक होतं की वादळं थांबत नसतात.

हे गीत चर्चमधून चर्चमध्ये पसरलं. १९४१ साली सिस्टर रोझेटा थार्प हिने ते ध्वनिमुद्रित केलं, १९५०च्या दशकात स्टेपल सिंगर्स या कुटुंबाने गायलं, पुढे एल्व्हिस प्रेस्लीनेही आपल्या भक्तिगीतांच्या अल्बममध्ये घेतलं. १९५९च्या सुमारास सॅम कुक आणि जे. डब्ल्यू. अलेक्झांडर यांनी याच मागण्यावर 'स्टँड बाय मी फादर' हे नवं गीत रचलं आणि सोल स्टिरर्स या नामांकित गॉस्पेल संचाने ते गायलं. त्यात मुख्य आवाज जॉनी टेलर याचा होता. किंगच्या गाण्याच्या थेट शेजारी उभं आहे ते हे गीत.

इथे सॅम कुकचं नाव यावं हे योग्यच. चर्चच्या वेशीबाहेर पाऊल टाकण्याची किंमत त्याच्याइतकी कुणाला माहीत नव्हती. सोल स्टिरर्समध्ये तो लोकांच्या गळ्यातला ताईत होता. १९५७ साली 'यू सेंड मी' हे प्रेमगीत गाऊन तो देशभर पहिल्या क्रमांकावर पोचला आणि गॉस्पेलच्या श्रोत्यांपैकी अनेकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. त्याच्याही आधी, १९५४ साली, रे चार्ल्सने एका चालू गॉस्पेल गाण्याच्या साच्यात बाईवरच्या प्रेमाचे शब्द भरून 'आय गॉट अ वुमन' केलं होतं. चर्चमधल्या अनेकांना तो देवाचा अपमान वाटला. देवाला ज्या आवाजात हाक मारायची, त्याच आवाजात बाईला हाक? त्या रागामागे जी भावना होती ती मला समजते. ज्या समाजाकडून जवळजवळ सगळंच हिरावून घेतलं गेलं होतं, त्याने जपलेली ती एक पवित्र गोष्ट होती.

पण टिंडलीचे शब्द चर्चच्या भिंतींत राहण्यासारखे नव्हतेच. त्याच्या आणखी एका गीतात, आपण एके दिवशी विजयी होऊ असा विश्वास होता. नागरी हक्कांच्या चळवळीचं ध्येयगीत झालेल्या 'वी शॅल ओव्हरकम'च्या मुळांपैकी ते एक मानलं जातं. एप्रिल १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात, म्हणजे किंगच्या जन्मगावापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची सभा भरली. फेब्रुवारीत त्याच राज्यातल्या ग्रीन्सबरो गावी चार विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहाच्या काउंटरवर जाऊन बसले होते. त्या ठिणगीतून ही सभा उभी राहिली. तिथे गाय कॅरावन या गायकाने मुलांना 'वी शॅल ओव्हरकम' शिकवलं आणि ती हातात हात घालून ते गायली. सहा महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, न्यूयॉर्कच्या स्टुडिओत टिंडलीच्या दुसऱ्या गीताला प्रेमगीताचं रूप आलं. झाडलोट करणाऱ्या एका माणसाची दोन गीतं एकाच वर्षी चर्चबाहेर पडली, एक मोर्चात आणि दुसरं प्रेमात. संगीताच्या इतिहासात असा योग मला दुसरा माहीत नाही.

तारीख होती २७ ऑक्टोबर १९६०. निर्माते लीबर आणि स्टोलर, वाद्यमेळाची रचना स्टॅन ॲपलबॉम यांची. त्या दिवसाचं मुख्य गाणं होतं 'स्पॅनिश हार्लेम', लीबर आणि तरुण फिल स्पेक्टर यांनी लिहिलेलं. 'स्टँड बाय मी' त्या दिवशी कसं झालं याच्या दोन हकिगती आहेत. किंग सांगे की ठरलेली गाणी संपली, थोडा वेळ उरला, तुझ्याकडे आणखी काही आहे का असं विचारलं गेलं, आणि त्याने आपलं गाणं ऐकवलं. स्टोलरच्या आठवणीप्रमाणे गाणं आधीच त्यांच्या कचेरीत आकाराला येत होतं. किंग आणि लीबर शब्दांवर काम करत होते आणि स्टोलर पियानोपाशी बसून खालच्या सुरांची एक ओळ शोधत होता. गाणं कोणत्याही वाटेने आलेलं असो, एका गोष्टीविषयी दोन्ही बाजूंचं एकमत आहे: शब्दांचा गाभा आणि चालीचा ओघ किंगचा, आणि ती खालची ओळ स्टोलरची.

ही खालची ओळ म्हणजे गाण्याची ओळखच. रेकॉर्ड सुरू होते तेव्हा आधी फक्त डबल बास ऐकू येतो. तो वाजवला लॉइड ट्रॉटमन याने. दोन सूर ठामपणे टाकायचे, क्षणभर श्वास घ्यायचा, आणि मग लहान पावलांनी पुढच्या सुराकडे सरकायचं. सोबतीला ट्रायअँगलची किणकिण आणि गिरो या लॅटिन अमेरिकी वाद्याची खरखर. खाचा पाडलेल्या भोपळ्यावर काठी घासून तो आवाज काढतात. ढोल नाही, तुताऱ्या नाहीत. इतक्या थोड्या सामग्रीवर गाणं उघडतं, आणि तरी दुसऱ्या सेकंदाला जगातला कुठलाही ऐकणारा ते ओळखतो.

स्वरमेळ चारच. मूळ रेकॉर्डमध्ये ए मेजर, एफ शार्प मायनर, डी मेजर आणि ई मेजर, मग परत ए. आपल्या भाषेत षड्ज, धैवत, मध्यम आणि पंचम या सुरांवर उभे केलेले. हा क्रम किंगने शोधलेला नाही. १९५०च्या दशकात रस्त्यांच्या कोपऱ्यांवर गाणाऱ्या पोरांच्या शेकडो गाण्यांत तो आहे. वेगळेपण आहे ते तो वापरण्यात. त्या काळच्या बहुतेक लोकप्रिय गाण्यांत मधे एक वळण असे. स्वरमेळ बदलायचे, कान ताजे करायचे आणि मग मुखड्याकडे परतायचं. 'स्टँड बाय मी'त असं वळणच नाही. आठ आवर्तनांचं एकच चक्र पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरत राहतं. मुखडा त्यावरच, अंतरा त्यावरच, व्हायोलिनांचा तुकडाही त्यावरच. एकल तबलावादनात पेटीवाला लेहरा धरून बसतो, तशी बासची ओळ इथे बसली आहे. लेहरा बदलत नाही म्हणून तर तबलजीला मोकळीक मिळते. समेची खात्री असलेला माणूसच लयीशी खेळायचं धाडस करतो.

आणि इथे शब्द आणि रचना एकमेकांत मिसळून जातात. शब्द काय म्हणतात? रात्र झाली आहे, सगळीकडे अंधार आहे, चंद्राखेरीज उजेड नाही, पण तू जवळ असशील तर मला भीती नाही. पुढच्या कडव्यात आकाश कोसळण्याची आणि डोंगर समुद्रात ढासळण्याची प्रतिमा येते. ती थेट बायबलमधली आहे, स्तोत्रसंहितेतल्या ४६व्या स्तोत्रातली. जग कोसळत असल्याचं शब्द सांगत असताना खाली बास मात्र पहिल्या सेकंदाला जिथे होता तिथेच, त्याच चालीने, जराही न डगमगता उभा आहे. गायक ज्याला 'जवळ उभा राहा' म्हणतो आहे, ते कुणीतरी आपल्याला प्रत्यक्ष ऐकू येत असतं. या गाण्याची एवढी जादू का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच असेल.

किंगचा आवाजही या रचनेला साजेसा. तो मुळात खालच्या पट्टीतला गायक, पण इथे आपल्या गळ्याच्या वरच्या टोकाकडे जातो. पहिलं कडवं तो जवळजवळ बोलल्यासारखं, आवाज न चढवता म्हणतो. मुखड्यावर आवाज वर जातो आणि तिथे चर्चमधला मुलगा बाहेर येतो: शब्द लांबवणं, सूर किंचित फाटू देणं, त्याच दोन-तीन शब्दांची पुन्हापुन्हा विनवणी. मधल्या तुकड्यात गायक थांबतो आणि ॲपलबॉमची व्हायोलिनं धुन उचलतात. व्हायोलिनांनी रिदम अँड ब्लूजला गुळमट केलं, अशी तक्रार त्या काळच्या अनेक रसिकांनी केली आहे, आणि पुष्कळ रेकॉर्डच्या बाबतीत ती खरीही आहे. इथे ती लागू पडत नाही, कारण खाली बास इतका कोरडा आणि घट्ट आहे की वर कितीही रेशीम आलं तरी ते वाहून जात नाही.

किंगने देवाच्या जागी प्रेयसी ठेवली आणि भजनाचं प्रेमगीत केलं, एवढ्यावर ही गोष्ट अनेक जण संपवतात. मला ते पुरेसं वाटत नाही. पहिलं म्हणजे त्याने टिंडलीची चाल घेतलेली नाही. घेतलं आहे ते मागणं, आणि बायबलची प्रतिमासृष्टी. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. टिंडलीच्या गीतात मागणारा एक आणि देणारा एक. माणूस दुबळा, प्रभू समर्थ, आणि ते नातं कधी उलटं होत नाही. किंगच्या गाण्यात शेवटाकडे एक वेगळीच गोष्ट घडते. तो तिला सांगतो की तुझ्यावर कधी संकट आलं तर तूही माझ्याजवळ ये. देवाला असं कुणी सांगत नाही. देवाला संकटं नसतात. या एका वाक्याने प्रार्थनेचा करार बदलतो. दोन दुबळी माणसं एकमेकांना आधार देण्याचं ठरवतात. बदल फक्त नावाचा असता तर हे गाणं नक्कल ठरलं असतं. देणंघेणं दोन्ही बाजूंनी झालं, म्हणून ते प्रेमगीत झालं.

रेकॉर्ड १९६१च्या वसंतात अटलांटिकच्या 'ॲटको' या शाखेकडून निघाली. रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, सर्वसाधारण यादीत चौथ्या. कंपनीने यशाची तीच पाककृती लगेच पुन्हा वापरली: १९६२ साली किंगने 'डोन्ट प्ले दॅट साँग' गायलं, त्याच्या खाली जवळपास तीच बासची ओळ आहे. गीतकार म्हणून अहमेत एर्टेगन आणि किंगची जीवनसाथी बेटी नेल्सन यांची नावं आहेत. गाणं चांगलं आहे. पुढे अरीथा फ्रँकलिनने ते आणखी वर नेलं.

श्रेयनामावलीकडे वळू या, कारण रिदम अँड ब्लूजच्या इतिहासातलं पुष्कळ दुःख त्या बारीक अक्षरांत लपलेलं आहे. गाणं कुणी लिहिलं हे ज्याच्या नावावर छापलं जाई, त्याला ते रेडिओवर वाजेल तोवर पैसे मिळत. म्हणून ज्यांनी एक अक्षर लिहिलेलं नाही अशांची नावंही तिथे घुसवली जात. चक बेरीच्या 'मेबेलिन' या गाण्यावर ॲलन फ्रीड या रेडिओ-निवेदकाचं नाव बरीच वर्षं होतं, हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. 'स्टँड बाय मी'वर दोन नावं छापली गेली: बेन ई. किंग आणि एल्मो ग्लिक. ग्लिक नावाचा माणूस अस्तित्वात नव्हता. ते लीबर आणि स्टोलर यांनी मिळून घेतलेलं टोपणनाव. हिश्शांची वाटणी मात्र सरळ होती. अर्धा हिस्सा किंगचा, पाव-पाव हिस्सा त्या दोघांचा. ड्रिफ्टर्समध्ये आठवड्याच्या पगारावर गाणाऱ्या मुलाला या अर्ध्या हिश्शाने आयुष्यभर सांभाळलं.

कारण पुढे पडते दिवस आले. साठीच्या दशकाच्या अखेरीला संगीताची आवड बदलली आणि किंग छोट्या क्लबांमधून गात राहिला. १९७५ साली 'सुपरनॅचरल थिंग'ने त्याला एकदा परत वर आणलं. त्याच वर्षी जॉन लेननने 'स्टँड बाय मी' नव्याने गायलं. त्याचा आवाज किंगपेक्षा जास्त हट्टी आणि जखमी आहे, आणि अनेकांना ते गाणं लेननचंच वाटतं. त्याच्या आधी ओटिस रेडिंगने गायलं होतं, मुष्टियोद्धा कॅशियस क्लेनेही, म्हणजे पुढच्या महंमद अलीने. १९८० साली मिकी गिलीने ते कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. सगळी रूपं मोजत बसण्यात अर्थ नाही. १९९९ साली बीएमआय या गीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेने विसाव्या शतकात अमेरिकेच्या रेडिओ-टीव्हीवर सर्वाधिक वाजलेल्या गाण्यांची यादी काढली, तीत हे गाणं चौथं होतं.

१९८६ साली रॉब रायनर या दिग्दर्शकाने स्टीफन किंगच्या 'द बॉडी' या दीर्घकथेवर चित्रपट केला. चार पोरगे एका मुलाचं प्रेत शोधायला रेल्वेच्या रुळांवरून चालत निघतात, अशी ती गोष्ट. कथेचं नाव बाजूला ठेवून चित्रपटाला 'स्टँड बाय मी' हे नाव दिलं गेलं आणि शेवटी बेन ई. किंगची मूळ रेकॉर्ड वाजली. प्रेयसीला घातलेली साद इथे मित्रांमधली झाली, आणि एक शब्दही बदलावा लागला नाही. पंचवीस वर्षांपूर्वीची रेकॉर्ड परत अमेरिकेच्या पहिल्या दहांत आली.

ब्रिटनमध्ये याहून नवल घडलं. तिथे लिव्हाइस जीन्सच्या जाहिरातींत जुनी रिदम अँड ब्लूज गाणी वाजत होती. फेब्रुवारी १९८७ मध्ये 'स्टँड बाय मी' तिथे पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर होतं पर्सी स्लेजचं १९६६ सालचं 'व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन', तेही त्याच जाहिरातींमुळे. स्लेज अलाबामातला, इस्पितळात कामगार म्हणून राबत असताना गायक झालेला. त्याच्या त्या अमर गाण्यावर गीतकार म्हणून त्याच्या साथीदारांची, कॅल्विन लुइस आणि अँड्र्यू राइट यांची नावं आहेत. चाल आपली होती, पण हक्क आपणच त्यांना देऊन टाकला, असं स्लेज सांगे. दोन्ही गायकांची गाणी एकाच आठवड्यात एका देशावर राज्य करत होती, आणि त्यांतल्या एकाला त्यातून गाण्याच्या मालकाचा वाटा मिळत होता, दुसऱ्याला नाही. २०१५च्या एप्रिल महिन्यात दोघेही गेले, स्लेज १४ तारखेला आणि किंग ३० तारखेला. किंग जाण्याआधी महिनाभर अमेरिकेच्या संसद ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात त्याची रेकॉर्ड समाविष्ट केल्याचं जाहीर केलं होतं.

अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत 'स्टँड बाय मी' स्वतः कधीच पहिल्या क्रमांकावर गेलं नाही. बासची ओळ मात्र गेली. २००७ साली शॉन किंग्स्टन या सतरा वर्षांच्या गायकाने ती उचलून 'ब्यूटिफुल गर्ल्स' केलं आणि ते अव्वल ठरलं. त्या गाण्याच्या गीतकारांत किंग, लीबर आणि स्टोलर यांची नावं आहेत, या वेळी टोपणनावाशिवाय.

१९ मे २०१८ रोजी विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये ब्रिटनचा राजपुत्र हॅरी आणि मेगन मार्कल यांचं लग्न लागलं. तिथे कॅरन गिब्सन यांच्या दिग्दर्शनाखाली 'किंग्डम क्वायर' या लंडनच्या गॉस्पेल वृंदाने हे गाणं सादर केलं. गिब्सन यांनी केलेली पहिली रचना वधूवरांना पसंत पडली नाही; ती बदलली, परत बदलली, आणि दर वेळी त्यातला चर्चचा जोश कमी करून ती आणखी साधी करायला सांगण्यात आलं. अखेर जी रचना ठरली ती किंगच्या १९६१च्या रेकॉर्डच्या बरीच जवळ जाणारी होती. चर्चमध्येच, पाद्र्यांच्या उपस्थितीत, गॉस्पेल गाणाऱ्या माणसांनी ते गायलं. टिंडलीचं भक्तिगीत त्यांच्या हाताशी होतंच, पण वधूवरांनी मागितलं ते किंगचं, दोन माणसांनी एकमेकांना आधार द्यायचं ठरवलेलं.